‘कळकाला करंट लागत नाही’ हे खरं नाही

रंगकाम-गिलाव्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘घराजवळून लाईन जाते म्हणून काम अडवू नका. लोखंडी पाइपऐवजी कळकाची (बांबूची) परांची बांधा, कळकाला करंट लागत नाही. तारेला शिवलं नाही तर काही होत नाही. चुकून लागलंच तर लाईन ट्रिप होते. शटडाऊनच्या नादात दिवस घालवू नका.’ कोल्हापूरच्या पाचगाव, कळंबा, फुलेवाडीकडची दाटीची घरं डोळ्यांपुढे आणा. हा सल्ला तिथे किती जणांना सोयीचा वाटेल! मी याच कामात आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

कोरडा कळक वीज कमी वाहून नेतो, एवढं खरं. पण कोल्हापूरच्या पावसात परांचीचा कळक कोरडा राहतो कुठे? रात्रभर भिजलेला, सुंभही ओला, वरून सिमेंटचं पाणी ओघळलेलं. त्यात समोर ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची तार. ओला कळक तिथे करंटला वाट करून देतो.

‘शिवलं नाही तर’ यावर तर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ११ केव्हीची तार आणि इमारत यांच्यात आडवं अंतर किमान १.२ मीटर हवं, असा नियम आहे. घरमालक तेवढं दाखवतो आणि मिस्त्री निश्चिंत होतो. पण ते अंतर भिंतीपासूनचं आहे. परांची भिंतीबाहेर सहज मीटरभर येते. मग माणूस आणि तार यांच्यात उरलं काय? वीतभर. शिवाय तार वाऱ्याने झुलते, उन्हात सैल होऊन खाली येते. वीज हवेतून फार लांब उडत नाही हे मान्य, पण वीतभर अंतर संपायला एक झोका पुरतो. लोखंडी पाइप ६ मीटरचा असतो. खालचा माणूस तो उभा करून वर देताना त्याची नजर हातांवर असते, टोक मात्र डोक्यावर फिरत असतं. परांची उभी असताना जेवढा धोका, त्याहून जास्त ती बांधताना आणि सोडताना.

आता ट्रिप. सबस्टेशनमधला ब्रेकर लाईन आणि यंत्रणा वाचवण्यासाठी आहे. जमिनीत मोठा करंट जाऊ लागला की तो लाईन तोडतो. ओल्या कळकातून आणि माणसातून जाणारा करंट फीडरच्या, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनच्या, हिशेबात किरकोळ ठरू शकतो, मग ट्रिप होतच नाही. छातीतून ५०-१०० मिलिअँपिअर गेले तरी हृदय बंद पडू शकतं. घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, मीटरनंतरच्या घरातल्या वायरिंगपुरता, रस्त्यावरच्या तारेशी त्याचा संबंध नाही. आणि ट्रिप झालीच, तर फांदी लागली असेल म्हणून लाईन थोड्या वेळात परत चालू केली जाते. तेव्हा चिकटलेल्याला ओढायला धावलेला दुसराही जातो. लांब राहा, १९१२ला फोन करून लाईन बंद करायला सांगा, ११२ला कळवा.

‘पक्षी बसतात की’ असंही खाली कुणी लिहिलंय. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. तुमचे पाय जमिनीशी बांधलेल्या परांचीवर. तारेवर प्लास्टिकचा पाइप चढवायचा उपायही नको. चिरलेल्या पाइपात पाणी साचतं आणि तो चढवताना हात तारेजवळच जातो.

राहिला शटडाऊन, म्हणजे कामापुरती लाईन बंद करून घेणं. तारेजवळ बांधकाम किंवा फेरबदल करायचा तर आधी लाईनच्या मालकाला, म्हणजे महावितरणला, आणि विद्युत निरीक्षकाला लेखी कळवणं नियमानेच बंधनकारक आहे. दिवस वाया जायचं कारण नाही. उरलेल्या तीन बाजू आधी उरका, तारेकडच्या बाजूची परांची बांधायचा आणि सोडायचा दिवस ठरवून घ्या, मधल्या कामाचं काय करायचं तेही तेव्हाच विचारा. ‘लाईन गेली’ असं कुणी फोनवर सांगितलं म्हणून चढू नका. शेजारचा जनरेटर उलटा करंट सोडू शकतो. लाईनमनने तार तपासून अर्थिंग केलेलं स्वतः बघा, आणि काम संपेपर्यंत त्याला तिथून हलू देऊ नका.