मालवणचं समुद्रातलं अभयारण्य आणि आपण पुणेकर

लाँग वीकेंड आला की अर्धं पुणे गगनबावडा नाहीतर फोंडा घाट उतरून मालवणात असतं आणि नंतर प्रत्येकाच्या स्टेटसला तोच व्हिडिओ, तोंडात नळी, बोटांनी ओकेची खूण, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे. हौस आहे, करावी, मीही केलीये. पण ऑफिसात स्कूबा करून आलेल्यांना विचारलं अभयारण्य कसं वाटलं, तर म्हणे कुठलं अभयारण्य?

अहो, किल्ल्यावर जायला होडीत बसलात ना, तेच! सिंधुदुर्ग, पद्मगड, आसपासचे खडक, हे सगळं १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर, आणि त्यातला जपायचा गाभा, तीनेक चौरस किलोमीटरचा, नेमका किल्ल्याच्या अवतीभवती.

आता अंदमान बघा. वांडूरच्या मरीन नॅशनल पार्कमधे जॉली बॉय बेटावर जायचं तर परमिट काढा, जेटीवर बॅगा तपासून घ्या, वेफर्सचं पाकीटसुद्धा नेऊ देत नाहीत, पाण्याच्या बाटलीला डिपॉझिट, सोमवारी बंद. शिवाय वर्षातले काही महिने जॉली बॉय बंद ठेवून बोटी रेड स्किन बेटावर नेतात, तेवढाच प्रवाळांना आराम. आणि गंमत म्हणजे तिथे हेच आपले पुणेकर मुकाट्याने रांगेत उभे असतात, एक शब्द काढत नाहीत.

मालवणला मात्र व्हिडिओत मासे दिसावेत म्हणून पाण्यात ब्रेड कुस्करतात. शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळे ठेवणारे मासे ब्रेडला सोकावले तर शेवाळ खाणार कोण? त्यात कोणी दमला की सरळ प्रवाळावर उभा राहतो. तो दगड नाहीये हो, जिवंत प्राणी आहे, गोळ्यासारखे वाढणारे प्रवाळ तर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात.

पण म्हणून सगळं बंद करा म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. अभयारण्य म्हटलं की तिथला मच्छिमार पहिल्यापासून बिथरतो आणि त्याचं काय चुकलं? किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याला नियम सांगायचे आणि बाहेर मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणारे पर्ससीनवाले, बंदी असून एलईडी दिव्यांनी मासे खेचणारे मासळी गोळा करून नेणार, हे त्याला रोज दिसतंय. आता पोरं स्कूबात, होम स्टेत कमावतायत, तेही काढून घेणार का? मला वाटतं नियम त्यांनाच ठरवू द्यावेत, नांगर खडकावर टाकण्यापेक्षा कायमचे तरंगते बोये लावून होड्या त्यांना बांधाव्यात आणि आपल्याकडून चार पैसे जास्त घ्यावेत. तारकर्लीच्या रूमला हजारो मोजतो आणि होडीवाल्याशी पन्नास रुपयांवरून हुज्जत घालतो आपण!

पावसाळ्यात तशाही होड्या बंद असतात. दिवाळीनंतर जाणार असाल तर बुकिंग करतानाच फोनवर सांगून टाका, दादा, ब्रेड नको, व्हिडिओत मासे कमी आले तरी चालतील.