‘नेट तोडा, कागदावर या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कर्नाटक सरकारचं दस्तनोंदणीचं कावेरी पोर्टल हॅक झालं, तुमच्या जमिनीचे कागद हॅकरांच्या हातात गेले, परदेशातल्या या लोकांपुढे सरकारचं काही चालत नाही, म्हणून कचेऱ्यांचं इंटरनेट तोडा आणि सगळं पुन्हा कागदावर आणा, कागद कोणी हॅक करत नाही, तसंही खेड्यातल्या नाडकचेरीत (दाखले देणाऱ्या महसूल कचेरीत) चोरण्यासारखं आहे काय? चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनीही तो पुढे पाठवलाय. त्यातली काळजी खरी आहे. पण निदान चुकलंय, आणि उपाय तर आपल्याच मुळावर येणारा आहे.

आधी कावेरीचं. जानेवारी 2025 मध्ये दस्तनोंदणीचं कावेरी 2.0 ठप्प झालं, हे खरंच. खोट्या खात्यांवरून ईसीच्या, म्हणजे मालमत्तेवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणाऱ्या दाखल्याच्या, शोधाच्या मागण्यांचा असा भडिमार झाला, की खऱ्या माणसाची मागणी आत पोहोचेना. दुकानाच्या दारात भाडोत्री गर्दी उभी करून गिऱ्हाइकाला अडवावं, तसा हा प्रकार. त्यानं कामं अडली, लोकांचे हेलपाटे झाले; पण दार अडवणं वेगळं आणि तिजोरी फोडणं वेगळं. अशा भडिमारावर इलाज असतात: एका खात्याला ठरावीक वेळात ठरावीकच शोध, मागणारा माणूस आहे की यंत्र याची तपासणी, संशयास्पद पत्ते वेळीच बंद. पैशाची खरी चोरी कर्नाटकात 2019 मध्ये झाली होती. सरकारी निविदांच्या ई-प्रोक्युअरमेंट पोर्टलमध्ये शिरून ठेकेदारांच्या अनामत रकमेतले सुमारे साडेअकरा कोटी रुपये परस्पर वळते केले गेले. त्याबद्दल या मजकुरात अक्षर नाही.

‘परदेशी हॅकरांपुढे काही चालत नाही’ हा मुद्दा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो कचेरीतल्या हलगर्जीला मोकळं सोडतो. दिल्लीच्या एम्सचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथले पाच सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले, सुमारे 1.3 टेराबाइट माहिती अडकली, आणि देशातल्या नामांकित रुग्णालयाला कित्येक दिवस केसपेपर हातानं लिहावे लागले. सरकारनं संसदेत कारण काय सांगितलं? नेटवर्कची आतली विभागणी नीट नव्हती. म्हणजे एका कोपऱ्यात शिरलेल्याला पुढे अडवणारं आत काही नव्हतं. मे 2017 च्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूचंही तेच. विंडोजमधली ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी दोन महिने ते घातलं नाही, ते अडकले. त्यांत आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही होते.

आता आपल्या गावाकडे या. आमच्या भागातल्या एका सरकारी काउंटरवर मी दाखल्यासाठी उभा होतो. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं कागद लावलेला, त्यावर लॉगिन आणि पासवर्ड, रांगेतल्या कुणालाही वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरात. साहेबांचं लॉगिन उघडं ठेवून दुसराच मुलगा काम करत होता. मध्येच एकानं झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेन ड्राइव्ह त्याच यंत्राला लावला. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. इथं शिरायला परदेशातून कुणी कशाला यायला हवं? आणि हे थांबवायला लागतं तरी काय? ज्याचं लॉगिन त्यानंच वापरायचं, पासवर्डच्या जोडीला अंगठा किंवा ओटीपी, बाहेरचा पेन ड्राइव्ह बंद, अपडेट वेळेवर, आणि कुणी कधी काय उघडलं याची नोंद जपून. एप्रिल 2022 च्या आदेशानं सर्ट-इननं, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं, या नोंदी 180 दिवस ठेवायला आणि घुसखोरी कळल्यापासून सहा तासांत कळवायला सांगितलंय. नियम आहेत. ते काउंटरपर्यंत पोहोचलेत का, हे विचारायला हवं.

आता ‘कागद कोणी हॅक करत नाही’. हे लिहिणाऱ्यानं जमिनीचे उतारे संगणकावर आणणाऱ्या कर्नाटकच्या भूमी योजनेच्या आधीचे दिवस पाहिले नसावेत, किंवा तो ते विसरलाय. राज्यभरातले सुमारे नऊ हजार तलाठी दप्तर आपल्या ताब्यात ठेवत. उतारा हवा तर आधी तलाठी गाठायचा, मग त्याची मर्जी सांभाळायची. खाडाखोड कुणी केली, कधी केली, पत्ता लागत नसे. 2000 च्या सुमारास भूमी आली, साधारण दोन कोटी उतारे संगणकावर चढले, फेरफारात बदल करणाऱ्या अधिकाऱ्याला बोटाचा ठसा देऊनच आत जावं लागलं, आणि अर्ज आले त्याच क्रमानं निकाली काढायचं बंधन आलं. उतारा कन्नडमध्येच मिळतो, ही आपली तक्रार कायम आहे आणि ती रास्त आहे. पण पुण्या-मुंबईत नोकरी करणारा खानापूरचा माणूस आज तिथं बसून आपला उतारा पाहू शकतो. नेट तोडलं, तर पहिला फटका त्यालाच बसेल.

शिवाय नेट तोडलं म्हणजे यंत्र सुरक्षित झालं, असंही नाही. इराणच्या नतांझ अणुकेंद्रातली यंत्रं इंटरनेटपासून अलग होती. 2010 मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा विषाणू तिथं पेन ड्राइव्हवाटे पोहोचला, असं मानलं जातं. नेटपासून वेगळं ठेवावं ते सगळं नव्हे, नेमकं जे जपायचं तेवढंच. 2019 मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्रात विषाणू सापडला तो कार्यालयीन कामाच्या, नेटला जोडलेल्या संगणकात. अणुभट्टी चालवणारी यंत्रणा त्यापासून अलग होती, असं केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीनं सांगितलं.

आणि खेड्यात चोरण्यासारखं काय आहे? तुमचा अंगठा. खरेदीखतावर तो असतो, आधार क्रमांकही असतो. 2023 मध्ये कर्नाटकात लोकांच्या खात्यांतून आधार क्रमांक आणि अंगठ्याच्या ठशावर चालणाऱ्या व्यवहारांतून परस्पर पैसे गेले, आणि तपासाचा रोख नोंदणीच्या कागदांवरच्या ठशांकडे वळला. पुढे हे ठसे झाकण्याची पावलं उचलावी लागली. कागद सहज दिसत होते, एवढंच चोराला पुरलं.

मजकुराच्या शेवटी ‘सामान्य माणसाच्या हातात काही नाही’ असं लिहिलंय. आहे. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हाच उघडा. अधूनमधून आपला उतारा आणि ईसी काढून पाहा. अनोळखी फेरफार दिसला, तर तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. खात्यातून पैसे गेले, तर त्याच घटकेला 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. आणि काउंटरवर पासवर्डची चिठ्ठी दिसली, तर रांगेतूनच मोठ्यानं सांगा, ती काढायला लावा.