मेमध्ये सेज लावा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पोळ्याला गावी गेलो तेव्हा वहिनींनी मला घरामागच्या सांदवाडीत नेलं आणि पाच वाळक्या काड्या दाखवल्या. "मेसेजमधी लिहिलं तसंच केलं भाऊजी, तरी मेली. आमच्याच हाताले गुण नाही." सेज या परदेशी, वासाच्या पानांच्या औषधी झुडपाची, दीडशे रुपयाला एक, अशी सहा रोपं त्यांनी ऑनलाइन मागवली होती. कापसाच्या निंदणाच्या मजुरीचे पैसे होते ते. दोष त्यांच्या हाताचा नाही. दोष त्या मेसेजचा आहे, आणि तो अजून आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या निम्म्या बचत गटांच्या ग्रुपवर फिरतोय, म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं नाव 'ऋषींची वनस्पती सेज'. म्हणणं थोडक्यात असं: थंडी संपली की मे महिन्यात रोप लावा. दिवसभर कडक ऊन द्या. काळी सुपीक माती असेल तर सोन्याहून पिवळं. पहिल्याच वर्षी टोपलीभर पानं मिळतील. रोज दहा पानांचा काढा घ्या, शुगरची गोळी बंद करा.

आधी मे महिन्याचं बोलू, कारण वहिनींची रोपं तिथंच हातची गेली.

त्या मेसेजमध्ये मधेच एक ओळ आहे: "जमिनीतला बर्फ पूर्ण वितळला की रोप बाहेर लावा." आपल्याकडे जमिनीत बर्फ कधी असतो? ही एक ओळ वाचून तरी पुढे पाठवणाऱ्याचा अंगठा थांबायला हवा होता. मजकूर थंड देशातल्या बागेसाठी लिहिलेला आहे, आणि कोणीतरी तो महिन्याच्या नावासकट जसाच्या तसा मराठीत उतरवलाय. तिकडे तो बरोबरच आहे. कॅनडात टोरांटोच्या बाजूला मेच्या पूर्वार्धापर्यंत आणि कॅलगरीकडे पार मेअखेरपर्यंत रात्री पाणी गोठवणारी थंडी पडू शकते. तिथले लोक शेवटच्या गोठणीच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात, खिडकीजवळ बी टाकतात, रोप हाताएवढं झालं की आठवडाभर थोडं थोडं बाहेर ठेवून सवय लावतात आणि मग जमिनीत लावतात. टोरांटोत मे महिन्यात दिवसाचं तापमान सरासरी 18-19 अंश असतं. नागपुरात त्याच महिन्यात 42 च्या वर. आपल्याकडे मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागतात, तेव्हा लिंबाच्या सावलीतली कोंबडीसुद्धा चोच उघडून बसते. अशा वेळी चार पानांचं, प्लास्टिकच्या पिशवीतून नुकतंच काढलेलं रोप उघड्यावर लावायचं?

वहिनींची दोन रोपं नऊ दिवसांत गेली. सकाळी पाणी घालायच्या, दुपारपर्यंत मुळांभोवतीची मातीची गड्डी आकसून बाजूच्या जमिनीपासून सुटायची, मधे बोट जाईल एवढी फट. त्या फटीतून गरम हवा थेट मुळांपर्यंत. काळ्या मातीचा हा स्वभाव ज्याने एकदा तरी उन्हाळ्यात वावर पाहिलंय त्याला सांगायला नको. उरलेल्यांवर त्यांनी जुनं लुगडं बांधलं, दिवसातून दोनदा पाणी दिलं, आणि ती कशीबशी मृगापर्यंत जगली.

मग पाऊस आला आणि मातीचा मुद्दा पुढे आला. काळी माती कापसाला, तुरीला सोनं आहे, यात वाद नाही. सेजला नाही. हे झाड भूमध्य सागराच्या काठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं. तिथला पाऊस हिवाळ्यात येतो आणि दगडांतून निथळून जातो. आपल्याकडे सगळा पाऊस उन्हाळ्याच्या पाठोपाठ, ऊबेत पडतो, आणि भारी काळ्या जमिनीत आठ-आठ दिवस पाणी हटत नाही. तीन रोपं त्यातच गेली. त्यातलं एक मी उपटून पाहिलं. ओढताच हातात आलं. जमिनीलगतचा बुंधा तपकिरी, चिमटीत धरला तर साल मोज्यासारखी सरकली आणि आत नुसता पांढरा दोरा उरला. ही मूळकूज आहे. वहिनींना वाटत होतं पाणी कमी पडलं, म्हणून जुलैतही उघाड पडली की त्या तांब्याभर पाणी घालत होत्या.

इंग्लंडची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी दोनशे वर्षांपेक्षा जुनी संस्था आहे, बागकामात तिचा शब्द जगभर मानतात. त्यांनी सेजला थंडी सोसण्याचा एच-5 हा दर्जा दिलाय, म्हणजे उणे 10 ते उणे 15 अंशांपर्यंत झाड तग धरतं. पण त्याच संस्थेचा आग्रह आहे की माती निचऱ्याची हवी, आणि जड मातीत खडी मिसळावी नाहीतर झाड सरळ कुंडीत घ्यावं. म्हणजे बर्फ सोसणारं झाडही साचलेलं पाणी सोसत नाही, हे तिकडचेच लोक सांगतात. मेसेज लिहिणाऱ्याने त्यांचा मे महिना तेवढा उचलला आणि निचरा सोडून दिला.

आता सहावं रोप. ते जगलंय, आणि चांगलं जगलंय. जमिनीत जागा उरली नाही म्हणून वहिनींनी ते एका फुटक्या घमेल्यात लावलं होतं. बुडाला तीन भोकं, खाली मुरूम, वर थोडी माती आणि नाल्यातली रेती. कोंबड्या उकरतात म्हणून घमेलं उचलून न्हाणीच्या पूर्वेच्या भिंतीला, पत्र्याच्या वळचणीखाली ठेवलं. सकाळचं ऊन मिळालं, दुपारी भिंतीची सावली आली, पावसाची झड वर पडली नाही. पानं राखाडी-हिरवी, जुन्या टॉवेलसारखी खरबरीत, बोटांत चोळली की कापूर आणि ओव्याच्या मधला वास. त्याच हाताने, त्याच दिवशी लावलेलं. मी वहिनींना ते घमेलं दाखवून म्हटलं, तुमच्या हाताला गुण नाही म्हणता ना, मग हे कोणी जगवलं?

बाकीचे मुद्दे. 'सेज म्हणजे ऋषी, म्हणून ही आपल्या ऋषींची वनस्पती' हे तर निव्वळ शब्दावरून रचलेलं आहे. इंग्रजीत ऋषी या अर्थाचा सेज आणि झाडाचा सेज हे दोन वेगळे शब्द, स्पेलिंग आणि उच्चार तेवढे सारखे. झाडाचं नाव लॅटिनमधल्या 'साल्व्हिया'वरून आलंय. ऋषींच्या आश्रमात शोधायचीच असेल तर त्याच कुळातली आपली तुळस आहे, ती सांदवाडीत आधीच उभी आहे. पहिल्या वर्षी टोपलीभर पानं हेही खोटं. पहिल्या वर्षी झाडाला अंग धरू द्यायचं असतं, वरचे दोन-चार शेंडे खुडले तर खुडले.

काही गोष्टी मेसेजमध्ये बरोबर आहेत, ते मान्य करतो. झाडाला ऊन लागतं हे खरं, फक्त ते आपलं दुपारचं मे महिन्याचं नव्हे. एकदा रुजलं की पाणी कमी लागतं, हेही खरं.

गोळीच्या मुद्द्यावर मात्र काहीही मान्य करणार नाही. साखरेवर सेजचे काही छोटे प्रयोग झालेत, पण त्यावरून कोणी गोळी बंद करायला सांगितलेली नाही. युरोपात औषधांवर देखरेख करणाऱ्या युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या कागदात सेजच्या पानांचा उपयोग अपचन, जास्तीचा घाम, तोंड-घशाची सूज आणि त्वचेची किरकोळ सूज एवढ्यापुरता लिहिलाय, तोही फक्त जुन्या वापराच्या आधारावर. मधुमेहाचं नाव त्यात नाही. उलट त्यात सेजमधल्या थुजोन नावाच्या द्रव्यावर रोजची मर्यादा घातलीय, कारण ते जास्त झालं तर आकडीचे झटके येऊ शकतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये असंही लिहिलंय. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी वहिनींकडे पानं मागितली होती, गोळी सोडायचीच म्हणून. झाडं मेली म्हणून तो प्रसंग टळला. काकूंना मी स्वतः जाऊन सांगून आलो.

ज्यांना खरंच लावायचंय त्यांनी रब्बीचा हंगाम धरावा. सेजची चुलत बहीण असलेला चिया वाशिमकडचे शेतकरी रब्बीतच घेतात. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या सुरुवातीला ट्रेमध्ये बी टाका. बी यंदाचं हवं, जुनं नीट उगवत नाही. उगवायला दोन ते तीन आठवडे लागतात. नोव्हेंबरात रोप मोठ्या कुंडीत किंवा बरडी, म्हणजे हलक्या मुरमाड, उताराच्या जागी लावा, दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा. आपल्या थंडीची धास्ती नको, 2018 च्या डिसेंबरात नागपूर 3.5 अंशांवर आलं होतं, सेजला ती थंडी काहीच नाही. वरची दोन बोटं माती कोरडी झाली की मगच पाणी. मार्चपासून दुपारची सावली, जूनपासून वळचण. आणि नर्सरीत 'साल्व्हिया' म्हणून लाल तुऱ्याचं झाड देतात, ते घेऊ नका, ते शोभेचं आहे.

पैसे घालवून रोपं मागवायचीही गरज नाही. सहाव्या रोपाच्या कोवळ्या फांद्या चार बोटं लांब कापून, खालची पानं काढून, ओल्या रेतीत खोचायच्या, असं आम्ही ठरवलंय. दसऱ्यानंतर लावू. वहिनींनी त्यासाठी शेजारून आणखी दोन फुटकी घमेली आणून ठेवलीत.