गाडी येणार, येणार!

ब्रिटनमध्ये चालता-फिरता न येणाऱ्या माणसाला सरकार भत्ता देतं. तो हवा तर मोटॅबिलिटी योजनेकडे वळवायचा आणि भाड्याने नवी कोरी गाडी घ्यायची. विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं त्यातच. साधारण तीन वर्षं वापरा, परत करा, दुसरी घ्या. १९७७ पासून चाललंय हे. त्याआधी सरकार फिकट निळी तीनचाकी द्यायचं, तीही एकाच माणसापुरती. अपंगालाही बायकामुलं असतात, हे व्हाइटहॉलच्या सरकारी कचेऱ्यांतल्या साहेबांच्या कानावर कुणी घातलं नसावं.

त्या मानाने आमचे दिवस सोन्याचे. २०२१ साली डीलरकडे ऑर्डर टाकली, तेव्हा बायकोने उत्साहाने पूजेचा नारळसुद्धा आणून ठेवला.

मग निघालं चिपचं प्रकरण. नखाएवढी चिप मिळेना, म्हणून अख्खी गाडी कारखान्यात अडलेली. ते निस्तरेपर्यंत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि तिथून येणारं गाड्यांचं वायरिंगही थांबलं. साताऱ्याहून आई फोनवर विचारायची, "आली का रे गाडी?" मी म्हणायचो, "पुतिनला विचारून सांगतो." नारळ आतून खडखड वाजायला लागला, तशी बायकोने त्याची चटणी केली.

जुन्या गाडीची मुदत योजनेने वाढवून दिली, हे त्यांचे उपकारच. माझे दोन्ही पाय पोलिओचे, त्यामुळे माझी सगळी गाडी हातात. स्टिअरिंगजवळचा दांडा ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. दुसरा हात स्टिअरिंगवरच्या लट्टूवर. दांड्याच्या मुठीचं रबर झिजून आतलं लोखंड दिसायला लागलं होतं. थंडीत पकडलं की झिणझिण्या यायच्या.

आणि एका सकाळी डीलरचा फोन. इंग्रज माणूस वाईट बातमी देणार असला की आधी हवापाण्याचं बोलतो. ऊन छान पडलंय म्हणाला, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. "दुर्दैवाने कंपनीने ते मॉडेल बंद केलंय. तुमची ऑर्डर रद्द झाली." दुसरी निवडा म्हणे. पण योजनेची यादी दर तीन महिन्यांनी बदलते आणि नव्या यादीत सुरुवातीला भरायची रक्कम चांगलीच फुगलेली. इतके दिवस रांगेत उभे राहिलो त्याचं काय, तर रांगच गुंडाळून ठेवली! रोखीने घेणाऱ्यांनाही असंच ऊन दाखवतात का, कोण जाणे. मला शंका आहे.

"एक गाडी मात्र लगेच मिळेल," तो उत्साहाने म्हणाला. "रंगही तुमच्या आवडीचा, लाल. फक्त ऑटोमॅटिक नाही. क्लच आहे."

"एक हात दांड्यावर, एक स्टिअरिंगवर. क्लच कशाने दाबू?"

पलीकडे बराच वेळ कीबोर्ड वाजत राहिला.

"मी वरिष्ठांना विचारून कळवतो," तो म्हणाला.