घर भाड्याचं आहे, कपाट माझं आहे

सकाळी सकाळी घरमालक काकांनी सोसायटीच्या ग्रुपवरचा एक मेसेज फॉरवर्ड केला. आम्ही भाडेकरू, त्यामुळे त्या ग्रुपवर आम्हाला प्रवेश नाही, पण आमच्याबद्दलचे मेसेज आमच्यापर्यंत बरोबर पोचतात. "सर्व सभासदांना नम्र विनंती. काही भाडेकरू लिफ्टमधून भंगार सामान वर नेत आहेत. त्यामुळे बिल्डिंगमध्ये ढेकूण व वाळवी होण्याची शक्यता आहे. संबंधित सभासदांनी आपल्या भाडेकरूंना समज द्यावी." खाली हात जोडलेले इमोजी.

समज द्यावी! चाळिशी आली माझी, आता मला समज देणार.

भंगार म्हणजे काय, तर काल संध्याकाळी मी आणि नवऱ्यानं वर आणलेली घडवंची. पूर्वी स्वयंपाकघरात हंडा-कळशी ठेवायला असायची ना, तीच. सागवानी, चार पाय, एका पायाला थोडी चीर. दोघांनी हातावर उचलून आणली, लिफ्टला ओरखडासुद्धा नाही. आणि याच लिफ्टमधून गेल्या महिन्यात कुणाच्या तरी नव्या सोफ्याचं थर्माकोल दोन दिवस मजल्यामजल्यावर उडत होतं, तेव्हा कुणालाही नम्र विनंती सुचली नाही. नवीन होता ना तो.

मला राग ढेकणाच्या उल्लेखाचा आलेला नाही. (खोटं कशाला बोलू, त्याचाही आला आहे.) पण खरा राग त्या मेसेजच्या मागे जे बसलंय त्याचा आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यानं कसं राहावं, तर प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या, एक दिवाण, भिंतीवर दुधाच्या डेअरीचं कॅलेंडर, आणि अकरा महिन्यांचा करार संपला की टेम्पो बोलवायचा. त्यानं घर सजवलं की सगळ्यांच्या पोटात दुखतं. आमच्या नात्यातल्या एक बाई आल्या होत्या. सगळं घर बघितलं, चहा घेतला, निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "छान आहे गं, पण दुसऱ्याच्या घराला एवढं कशाला?"

दुसऱ्याचं घर. अहो, त्या घरात सकाळी उठते मी. ताप आला की तिथंच झोपते. माझ्या पोरीचं पहिलं पाऊल याच फरशीवर पडलं. सातबारा दुसऱ्याचा आहे म्हणून काय मी स्टेशनवर बसल्यागत बॅग मांडीवर घेऊन बसू?

यावर मला ज्यांनी गप्प केलं होतं त्या सांगलीतल्या जुन्या वस्तीतल्या, म्हणजे गावभागातल्या आजी. ज्यांनी आमचं कपाट बघितलंय त्यांना हे माहीत आहे, बाकीच्यांनी ऐका.

गावभागातला एक वाडा बिल्डरला जाणार होता. आजींचा मुलगा पुण्याहून सामान आवरायला आलेला. ओळखीतून कळलं की एक जुनं कपाट आहे, म्हणून गेलो. माजघरात ते उभं होतं. सागवानी, माझ्यापेक्षा वीतभर उंच, पितळी कडी, आणि छातीच्या उंचीवर आडवी मातकट रेघ. ती रेघ ऑगस्ट २०१९ ची. आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. सांगलीकरांना आकडे सांगायला नकोतच. ते कपाट किती दिवस पाण्यात उभं होतं कुणास ठाऊक. मुलगा म्हणाला, "दोन हजार द्या आणि न्या, नाहीतर भंगारवाला उद्या येतोयच." मी पर्समध्ये हात घातला, तर आतून आजींचा आवाज, "साडेचार. सागवान आहे ते. कमी नाही."

साडेचारच दिले. द्यायलाच पाहिजे होते.

तर मी म्हणाले, आजी, आमचं घर भाड्याचं आहे, पुढंमागं हलवावं लागेल, फार जड तर नाही ना? तर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग? आम्ही कुठं मालक होतो? भाडेकरूच या वाड्यात. लग्न होऊन आले तेव्हापासून." पन्नासच्या वर वर्षं! त्या बाईनं दुसऱ्याच्या वाड्यात संसार केला, त्या दुसऱ्याच्या भिंतीला दर दिवाळीला चुना लावला, आणि कपाट सुताराकडून करून घेतलं ते भिंतीत नाही, पायावर उभं. "भिंत मालकाची," म्हणाल्या, "भिंतीत काय घालायचं आपण?"

एवढंच मला म्हणायचंय खरं तर. पुढचं सगळं चिडचिड आहे, वाचायचं तर वाचा.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यानं भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वतःच्या खर्चानं मॉड्युलर किचन केलं. कशाला, तर "डाग पडलेला ओटा बघवत नाही". मालक फार खूश. दोन करार झाले, तिसऱ्याला मालक म्हणाले मुलाचं लग्न आहे, घर पाहिजे. ते किचन काढून नेता येतं का? भिंतीला स्क्रूनं आवळलेलं, मापानं कापलेलं. काढलं तर दुसऱ्या घरात बसणार नाही. सोडून आले बिचारे. आणि पुढच्या भाडेकरूला तोच फ्लॅट "सेमी फर्निश्ड" म्हणून जास्त भाड्यानं गेला. मुलाचं लग्न अजून व्हायचंय.

आणि याला लोक व्यवहार म्हणतात. आम्ही घडवंची आणली तर ते भंगार.

जुन्या सामानाला पाय असतात हो. खरंच बघा. कपाट, मांडणी, पलंग, टेबल, आरसा, सगळं आपापलं उभं राहतं. आमच्या पलंगाला एक खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलंय आणि पाचरी मारल्यात. पाचरी ठोकून काढल्या की चार पट्ट्या आणि चार पाय, जिन्यातून एकेक करून खाली. बदलीच्या नोकरीवाल्यासाठी याच्याहून सोयीचं काय असेल? शिवाय करारातलं ते लाडकं कलम, भिंतीला खिळा मारायचा नाही. नाही मारत! माझा आरसा जमिनीवर भिंतीला टेकवून उभा आहे. फोटो मांडणीवर आहेत. आजोबांचा ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील दाराच्या जुन्या कडीला लटकतोय. मिरजेत एका तंतुवाद्यवाल्याकडे चीर गेलेला तंबोऱ्याचा भोपळा कोपऱ्यात पडला होता, तो मागून आणला, आत बल्ब सोडलाय. भिंतीला बोटसुद्धा लावलेलं नाही. डिपॉझिट पूर्ण परत पाहिजे मला.

बरं, ढेकणाचं. येतात. मान्य. जुन्या दिवाणाच्या खाचेत ढेकूण असतात, आणि एकदा घरात शिरले की दोन महिने झोप नाही. म्हणून गादीबिदीचं सामान मी कधी जुनं आणत नाही, नुसतं लाकूड आणते. ते आधी टेरेसवर कडक उन्हात, सगळ्या खाचांतून उकळतं पाणी, मग वाळवीचं औषध, मग आत. आता टेरेसवर वाळत घातलं तर त्याचाही मेसेज येईल.

आणि वजन. हेही मान्य. आजींचं कपाट चढवायला चार माणसं लागली, लिफ्टमध्ये मावलं नाही, जिन्यानं तिसरा मजला. नवरा अजून त्यावरून बोलतो. बोलू दे. सगळ्यात जास्त शर्ट त्याचेच आहेत त्यात.

पण पुराचं आठवा ना जरा. पाणी उतरल्यावर गल्लीगल्लीत काय पडलं होतं? पार्टिकल बोर्डची कपाटं, भुशाचीच ती, चहात बुडवलेल्या पावासारखी फुगून सुटलेली. हप्ते फिटले नव्हते अजून काहींचे. डंपर भरभरून गेली. आणि आजींच्या कपाटाला फक्त रेघ. सुतार म्हणाला, "मॅडम, नुसतं वाळू दिलंय त्यांनी सावलीत, बाकी काही केलेलं नाही. जुनं सागवान आहे, अंगचं तेल असतं त्याला." पॉलिश पेपर मारून तो ती रेघ घालवणार होता, मी म्हटलं राहू दे. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं दुधाचा हिशेब आहे, तोही राहू दे म्हटलं. सुताराला वाटलं ही बाई पॉलिशचे पैसे वाचवतेय.

पैशांवरून आठवलं. हे सगळं स्वस्त पडतं असं कुणी समजू नका. कपाट साडेचार हजार, टेम्पो आणि माणसं वेगळी, सुतार आणि चपडी लाखेचं पॉलिश मिळून जवळपास तेवढंच पुन्हा. गरिबी म्हणून आम्ही जुनं आणतो असं ज्यांना वाटतं त्यांना माझं काही म्हणणं नाही, पण हिशेब चुकतोय तुमचा. आणि समजा गरिबी म्हणून आणलं असतं, तरी काय लाज?

लाज कुठून आली तेही मला माहीत आहे. माझं माहेर साताऱ्याचं. शाळेतून आले तर आईनं दारात पितळेचे डबे, हंडा, दोन परातींचा ढीग घातलेला. मोडीत. बदल्यात चकचकीत स्टीलचा सेट. त्याच महिन्यात एक जरीची साडी बोहारणीला गेली, आणि पुन्हा स्टीलचंच पातेलं आलं. गल्लीतल्या सगळ्यांनी तेच केलं. आईला दोष देत नाही. कल्हई लावून घ्यायची तर कल्हईवाल्याची वाट बघा, कळकलं की आंबट काही ठेवता येत नाही, दर सणाला चिंच लावून घासा, बोटं सोलून निघायची तिची. स्टीलनं त्या बायकांचे हात वाचवले. एवढं मी लिहून देते.

पण आता? आता तसाच हंडा ऑनलाइन "हेरिटेज" म्हणून सात-आठ हजारांना विकतात, बऱ्याचदा नवीन पितळ आम्लानं काळं करून. आणि तो घेतात कोण, तर ज्यांना माझी घडवंची लिफ्टमध्ये नको आहे तेच लोक. आमच्याच बिल्डिंगमध्ये एका दिवाणखान्यात तसलं काळं केलेलं घंगाळ आहे, त्यात प्लॅस्टिकची कमळं. त्यावर कुणी ढेकणाचं नाव काढत नाही. खोक्यातून आलंय ते, बिलासकट.

(माझ्याकडेपण घंगाळ आहे आणि मीपण त्यात फुलं सोडते. पण खरी. झेंडू.)

आणखी एक. "मेलेल्या माणसाच्या वस्तू घरात आणू नयेत." हे मला दर वेळी कुणीतरी ऐकवतं, आणि ऐकवताना आवाज खाली आणतात. मग तुमच्या बोटातली आजीची अंगठी काय आहे? आईच्या पाटल्या? सोन्याला मेलेलं माणूस लागत नाही, लाकडालाच लागतं वाटतं. आणि आमच्या आजी चांगल्या ठणठणीत आहेत. पुण्यात मुलाकडं बाराव्या मजल्यावर. मध्ये व्हिडिओ कॉल लावून दिला होता मुलानं, कपाट दाखवा म्हणाल्या. दाखवलं. नवीन पॉलिश बघून खूश होतील असं वाटलेलं, तर म्हणाल्या, "वरच्या फळीवर पुस्तकं ठेवली आहेस का? काढ आधी. वाकेल. खाली ठेव, वर कपडे." मी फोन चालू ठेवूनच पुस्तकं खाली घेतली. मग तिकडून हळूच, "इथं सगळं भिंतीतच आहे गं. एक वस्तू हलवता येत नाही मला."

यावर मी काय बोलणार होते? हो हो म्हणाले आणि पोरीला पुढं केलं, ती नाचून दाखवते.

आता हे लिहिताना राग जरा उतरलाय, त्यामुळे घरमालक काकांबद्दलही सांगते. माणूस वाईट नाही. मेसेज पाठवून खाली लिहिलं होतं, "मॅडम तुम्ही मनावर घेऊ नका, फक्त पुढच्या वेळी दुपारी आणा, तेव्हा सेक्रेटरी झोपलेले असतात." मागच्या महिन्यात भाडं घ्यायला आले तेव्हा कपाटाच्या पितळी कडीवरून हात फिरवून म्हणाले, आमच्या तासगावच्या घरी होतं असं. कुठं गेलं विचारलं तर म्हणाले, वाटण्या झाल्या तेव्हा कुणालाच नको होतं.

गावभाग, खणभागातले वाडे एकामागून एक जातायत. जाऊ देत, त्यात राहणाऱ्यांचे हाल मी बघितलेत. गळकी कौलं, संडास अंगणापलीकडं, दर पावसाळ्यात जीव मुठीत. त्यांना फ्लॅट मिळाला तर मी कोण नको म्हणणारी? पण दारं, खांब, कडीपाटाच्या तुळया, कोनाड्याच्या चौकटी, हे जेसीबीनं एकत्र ढकलून किलोवर घालतात ना, ते बघवत नाही. निदान आठवडाभर आधी कुणाला तरी सांगा. मला सांगा. रात्री अकराला फोन केलात तरी येईन. जिना आहे आम्हाला, लिफ्ट नको.

सेक्रेटरी साहेब, हे कुणीतरी तुम्हाला स्क्रीनशॉट काढून पाठवेलच, तर तुमच्यासाठी. पुढच्या रविवारी एक दार येतंय. वाड्याचं, दोन झडपांचं. त्याचं जेवणाचं टेबल करणार आहे, खाली घोड्या आणि वर काच. जिन्यानंच आणीन. दुपारी.

आणि बाकीच्यांना एक काम. माझ्याकडे एक आरामखुर्ची पडून आहे, लाकूड उत्तम, वेताची बैठक पूर्ण फाटलेली. पूर्वी मिरजेत स्टेशनकडे वेत विणणारे एक काका बसायचे, आता दिसत नाहीत. सांगली, मिरज, कुपवाड, कुठंही वेत विणून देणारं कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका. प्लॅस्टिकची पट्टी मारून देणारे नकोत, ते तीन जण भेटलेत.