पद्मिनी आणि मारुती ८००: तुलना थोडी अन्यायाची

मारुती ८०० आली आणि प्रीमियर पद्मिनी ही जुनी मोटार ‘मागासलेली’ ठरली, हे या दोन गाड्यांवरच्या लेखातलं विधान मला पटलं नाही. पद्मिनीचा मूळ आराखडा १९६२च्या इटालियन फियाट ११०० डीचा, तर मारुती डिसेंबर १९८३ची. मधल्या वीस वर्षांत मोटारींची रचनाच पालटली होती. पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना. मारुतीचं ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं इंजिन आडवं आणि पुढचीच चाकं फिरवणारं. त्यामुळे जागा वाचे आणि एवढ्याशा गाडीत चौघं बसायची. मायलेज आणि हलकं स्टिअरिंग यांत मारुती सरस, वादच नाही.

पण पद्मिनीचा पत्रा, पुढचा सलग सोफा, स्टिअरिंगलगतचा गिअर! कुर्ल्यात बनलेली ही गाडी टॅक्सी म्हणून दिवसरात्र राबली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली, तीही वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. एवढी वर्षं टॅक्सीचा मार खाणं कमी आहे का? दोष गाडीचा नव्हे, परवाना राजमध्ये, म्हणजे उद्योगाला पावलोपावली सरकारी परवाना लागे त्या काळात, नवं मॉडेल आणूच न देणाऱ्या धोरणाचा. लेखात त्यावर एक ओळ तरी हवी होती.