टँकरवाले साहेब आणि पाणीवाली बाई

बॅनर सगळ्यांनीच पाहिला होता, त्यामुळे विषय काढावा लागला नाही. ‘मागेल त्याला टँकर’, खाली हात जोडलेले आमदार साहेब, आणि साहेबांच्या खांद्यापाशी पोस्टाच्या तिकिटाएवढा आमचा पप्या.

"फोटो चांगला आलाय हं," नाना म्हणाले. "पाण्यापेक्षा स्वच्छ."

पप्या कट्ट्यावर टेकत नाही. साहेबांचा फोन आला तर उठण्यात वेळ जायला नको, म्हणून तो कायम उभा. "करा चेष्टा. पण गल्लीत टँकर आले की नाही? आमचे साहेब म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे साहेब!"

अण्णा तंबाखू मळत होते. उभा जन्म महापालिकेच्या जलखात्यात गेला, चावीवाले म्हणून. कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कोणत्या चाळीत धार लागते, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे.

"टँकर भरला म्हणजे पाणी होतं," ते म्हणाले. "मग नळाला का नव्हतं?"

"तो टेक्निकल विषय आहे, अण्णा."

"मग मलाच विचार की. आपण लाइनीच्या शेपटाला. अलीकडे टॉवर झाले, लाइन तीच जुनी. आपल्याकडे प्रेशर येईपर्यंत वेळ संपते. मोठी लाइन टाकली की काम मिटतं. पण लाइनीचा फोटो एकदाच निघतो रे. टँकरचा दर उन्हाळ्यात निघतो."

मी अण्णांच्या बाजूचा आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. एप्रिल २०२५मध्ये टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा मुंबईची कशी तारांबळ उडाली, ते आपण पाहिलंय. नळाचं पाणी टँकरच्या मर्जीवर गेलं की त्या मर्जीला मालक मिळतो. आणि त्या मालकाशी ओळख ठेवावी लागते.

मास्तरांचं बालपण गोरेगावातलं. त्यामुळे पाणी म्हटलं की तिथल्या समाजवादी पुढारी मृणालताई गोरे येणारच, आणि एकदा आल्या की मास्तर थांबत नाहीत. "१९६१ला बाई नगरसेविका झाल्या. हंडे घेऊन बायका महापालिकेवर न्यायच्या. टँकर नाही मागितले त्यांनी, पाइप मागितले. १९७२ला आमदार, त्याच साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर. १९७७ला खासदार झाल्या तेव्हा..."

"पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात," नानांनी इंदिरा गांधींच्या पराभवाची ती घोषणा पुरी केली. "मास्तर, पाठ झालंय आम्हाला."

"मग हेही पाठ करा. १९८५ला पुन्हा आमदार. विरोधी बाकावर बसून गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं. १९८८ला राज्याचा कायदा झाला, देशातला पहिला. दिल्लीला १९९४ उजाडलं!"

"तो काळ वेगळा होता, मास्तर," पप्या म्हणाला. "तेव्हा आमदार निधी तरी होता का?"

"आताइतका नव्हता," अण्णा म्हणाले. "म्हणून तोंड उघडावं लागायचं. आता वर्षाला पाच कोटी मिळतात, तोंड मिटून पेव्हर ब्लॉक बसवता येतात."

यावर चहावालाही हसला. पप्याने फोन कानाला लावला. फोन आलेला नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं.

मग नानांचा दुखरा विषय निघाला. त्यांची निवृत्तीची पुंजी एका सहकारी बँकेत होती. एके सकाळी शटरवर कागद चिकटवलेला. "तुझ्या साहेबांकडे गेलो होतो, पप्या. म्हणाले, रिझर्व्ह बँकेचा विषय आहे, आपल्या हातात नाही. आणि जाताना दिवाळीचं उटणं दिलं."

"उटणं चांगलं होतं, नाना."

"अरे, पैसे अडकलेत माझे, अंघोळ नाही!"

मास्तरांनी इथे खरं काम केलं. ठेवींचा विमा १९९३ला एक लाख झाला, तो २०२०पर्यंत एकच लाख. मधल्या काळात घरांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. २०१९ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले, पहिल्यांदा तर जेमतेम हजार रुपये काढायची मुभा. ठेवीदार महिनोन् महिने रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे मर्यादा पाच लाखांवर गेली. निर्बंध आले तर विम्याचे पैसे ९० दिवसांत, ही दुरुस्ती २०२१ची. "आपल्या हातात नाही म्हणे! सहकार खातं कुणाचं? राज्याचंच ना? लेखापरीक्षण का रखडलं, एवढं विधानसभेत लक्षवेधी सूचना मांडून विचारायला काय जातं? मृणालताईंच्या समाजवाद्यांनी तर बँकच काढली. जॉर्ज फर्नांडिस, १९६८, बॉम्बे लेबर..."

"तीच पुढे न्यू इंडिया झाली," नाना कोरडेपणाने म्हणाले. "२०२५ला १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा. निर्बंध. शेवटी सारस्वतमध्ये विलीन."

मास्तर गप्प झाले.

"बँक काढणारा भला असून भागत नाही," अण्णा म्हणाले. "वही तपासणारा रोज लागतो. पाण्याच्या खात्यात मी तेच बघितलं. लाइन टाकणाऱ्याची पाटी लागते, गळती शोधणाऱ्याला कोणी विचारत नाही."

पप्याने हुकमाचा पत्ता काढला. "आणि दाखले? संपर्क कार्यालयात रोज शंभर माणूस येतं. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, हॉस्पिटलची चिठ्ठी. मार्च २०२२पासून कितीतरी वर्षं नगरसेवकच नव्हते, तेव्हा कोण धावलं?"

हे खोटं नाही. दारात उभं राहू देणारं कुणीतरी लागतं, आणि पप्या रात्री-अपरात्री लोकांबरोबर हॉस्पिटलात गेलेला मी पाहिलाय. पण लोकसेवा हक्क कायदा २०१५चा आहे. दाखल्याला मुदत ठरलेली, उगाच उशीर केला तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड. साहेबांच्या कार्यालयाबाहेर उटण्याच्या जाहिरातीशेजारी हा कायदा एकदा तरी लावावा. चिठ्ठीच्या रांगेतली निम्मी माणसं दुसऱ्या दिवसापासून येणार नाहीत, आणि मला वाटतं तीच अडचण आहे.

"पाण्याचंही तसंच," अण्णा म्हणाले. "२०००नंतरच्या झोपडीला पाणी नाही म्हणायचे. पाणी हक्क समिती कोर्टात गेली, २०१४ला हायकोर्टाने सांगितलं, द्यावं लागेल. तुमच्या साहेबांचं पत्र होतं का त्या खटल्यात?"

"अण्णा, तुम्ही साधुसंतच!" पप्या पेटला. "आणि मास्तर, तुमच्या सोसायटीने लाइनीला मोटर लावली होती, ती? वरून खेचायचात, खाली आमच्या चाळीत थेंब नाही!"

मास्तरांचा चेहरा पडला. "ते २००९चं. पाणीकपात होती. आणि यानेच," अण्णांकडे बोट, "स्वतः येऊन पंप उचलून नेला. शेजारी राहून!"

"बेकायदा होता तो."

"अर्धा एचपीचा होता! नवाकोरा! आजतागायत परत मिळाला नाही."

"पावती घेतली होतीस?"

"पावती कसली? तू चहा पिऊन गेलास माझ्याकडे!"

नाना हसून हसून खोकायला लागले. "पप्या, लिहून घे. साहेबांना म्हणावं तारांकित प्रश्न टाका. २००९ साली जप्त झालेला अर्धा एचपीचा पंप सध्या कोणाच्या घरी पाणी चढवतो, हे खरे आहे काय, असल्यास..."

पप्याने खरोखरच मोबाइल काढून टाइप करायला घेतलं. "एचपीचा फुल फॉर्म काय, मास्तर?"